चाक तेच, फ्रेम वेगळी

दहावीच्या भूमितीत आपण समरूप त्रिकोण शिकवतो. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्याच पटीत वाढवल्या, तर त्रिकोण मोठा होतो, पण त्याचे रूप बदलत नाही. छायाचित्र मोठे करून घेतले तरी आजोबांचे नाक आजोबांचेच राहते. वापरातल्या वस्तूंची लहानमोठी मापे अशीच तयार होत असावीत, अशी आपली एक ढोबळ समजूत असते. नऊ नंबरचा बूट म्हणजे सहा नंबरच्या बुटाची मोठी प्रत, वगैरे. सायकलीला मात्र ही समजूत लागू पडत नाही, आणि का पडत नाही ते शोधू लागलो की साध्या वजाबाकीतून बरेच काही हाती लागते.

आपण येथे विचार करणार आहोत तो वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या शर्यतीच्या सायकलीचा, म्हणजे रोड बाइकचा. या सायकली फ्रेमच्या मापावर विकल्या जातात. क्रँकच्या आसापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी हे फ्रेमचे पारंपरिक माप. एकाच कंपनीची, एकाच रंगाची ४९, ५६ आणि ६३ सें.मी. मापाची सायकल शेजारी शेजारी उभी करा. मधली बहुतेकांना रेखीव वाटते. लहान मापाची सायकल दोन चाकांच्या मध्ये चेंगरल्यासारखी दिसते आणि मोठी एखाद्या फाटकाला चाके लावावीत तशी. सायकलीच्या जाहिरातीतील छायाचित्र बहुधा मधल्या मापाचे असते, ते उगीच नव्हे.

ही निव्वळ सवयीची गोष्ट आहे काय? काही अंशी असेलही. कोणी येथे लगेच सुवर्ण गुणोत्तर पुढे करील. १.६१८ ही संख्या शंखापासून देवळापर्यंत सगळीकडे सापडते असे सांगण्याची एक खोड लोकप्रिय लिखाणाला आहे. पुरेशा लांबीरुंदी मोजल्या तर कोणत्याही वस्तूत कोठेतरी १.६ च्या आसपासचे गुणोत्तर मिळतेच. आपण त्या वाटेला जाऊ नये. त्याऐवजी फूटपट्टीने मोजता येईल असा एक भाग निवडू.

हा भाग म्हणजे फ्रेमच्या पुढच्या टोकाची, हँडलची नळी. चिमट्याचा दांडा हिच्यातून वर जातो. वरची आडवी दांडी आणि खालची तिरकी नळी या दोन्ही हिला येऊन मिळतात. सायकलीकडे बाजूने पाहणाऱ्याची नजर या सांध्यावर हटकून जाते. दोन नळ्यांमध्ये येथे किती फट दिसते, यावर फ्रेम ऐसपैस वाटते की अवघडलेली, हे बरेचसे ठरते.

आता हिशेब करू. शर्यतीच्या सायकलीचे चाक आज जवळजवळ सर्वत्र एकाच मापाचे असते. त्याला ‘७०० सी’ म्हणतात. रिमवर टायर जेथे बसतो तेथील व्यास ६२२ मि.मी. त्यावर २५ मि.मी. जाडीचा टायर चढवला की चाकाची उंची सुमारे ६७ सें.मी. होते. चिमट्याचा माथा चाकाच्या वर असायलाच हवा. मधली थोडी मोकळी जागा आणि खालची बेअरिंग धरली, तर हँडलच्या नळीचे खालचे टोक जमिनीपासून सुमारे ६९ सें.मी. उंचीवर येते. फ्रेम कोणत्याही मापाची असो, हे टोक याहून खाली आणता येत नाही. दुसरीकडे क्रँकचा आस जमिनीपासून सुमारे २७ सें.मी. उंचीवर असतो. तोही फारसा हलवता येत नाही. खाली नेला तर वळणावर कललेल्या सायकलीचे पायडल रस्त्याला घासेल.

फ्रेमचे माप ‘फ’ मानू. दांडी आडवी असेल, तर ती जमिनीपासून २७ + फ इतक्या उंचीवर असेल. म्हणून हँडलच्या नळीची लांबी

ह = (२७ + फ) − ६९ = फ − ४२

(सीटची आणि हँडलची नळी पूर्ण उभ्या नसतात, जमिनीशी सुमारे ७३ अंशांचा कोन करतात. त्यामुळे उंची चारएक टक्क्यांनी कमी भरते. पण हँडलची नळी दांडीच्या थोडी वर निघालेली असते. हे दोन फरक एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. आपले उत्तर सेंटिमीटरभर इकडेतिकडे होईल, इतकेच.)

आपली तिन्ही मापे या सूत्रात घालू. ४९ च्या फ्रेमला ७ सें.मी., ५६ च्या फ्रेमला १४ आणि ६३ च्या फ्रेमला २१ सें.मी. लांबीची नळी येते. गंमत येथे आहे. फ्रेमची मापे ७ : ८ : ९ या प्रमाणात आहेत, तर हँडलच्या नळ्या १ : २ : ३ या प्रमाणात! फ्रेम साडेबारा टक्क्यांनी लहान झाली की तिच्या दर्शनी भागातली ही नळी एकदम निम्मी होते. डोळ्याला जे खटकते ते हेच.

‘रेषीय संबंध’ आणि ‘समप्रमाण’ यांत मुले नेहमी गल्लत करतात. फ आणि ह यांचा आलेख सरळ रेषा आहे, पण ती आरंभबिंदूतून जात नाही. मधला ४२ हा स्थिरांक सगळा घोटाळा करतो, आणि तो येतो चाकापासून. चाकही फ्रेमच्या पटीत लहानमोठे झाले असते, तर तिन्ही सायकली समरूप असत्या आणि त्यांतली एक देखणी असेल तर उरलेल्या दोन्हीही असत्या.

मोठ्या मापांकडे थोडक्यात पाहू. तेथे अडचण उलट आहे. पुढची नळी लांबच लांब होते, पण मागचा त्रिकोण वाढत नाही. क्रँकपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर बहुतेक मापांत ४१ सें.मी.च्या आसपासच ठेवतात. त्यामुळे सायकल पुढून उंच आणि मागून आखूड अशी दिसते. शिवाय पोलादी फ्रेमच्या जमान्यात सर्व मापांना बहुधा एकाच जाडीच्या नळ्या वापरत: दांडी २५.४ मि.मी., सीटची आणि तिरकी नळी २८.६ मि.मी. साहजिकच मोठी फ्रेम काटकुळी दिसे, आणि ती खरोखर अधिक लवतही असे. हाड लांब करायचे तर त्याच्या जाडीचे प्रमाणही वाढवावे लागते, हे गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात चित्र काढून दाखवले होते. तरीही मोठ्या मापाची सायकल चालवणाऱ्याला फारसा उपद्रव नसतो. ती दिसायला जराशी बेंगरूळ, एवढेच.

लहान मापांत मात्र प्रश्न दिसण्यापाशी थांबत नाही. जुना ठोकताळा असा की, जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची गुणिले ०.६५ म्हणजे फ्रेमचे माप. भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सें.मी. आहे. जांघेची उंची ७० सें.मी. धरली, तर फ्रेमचे माप ४५.५ आणि ह = ३.५ सें.मी. येते. वरची दांडी आणि तिरकी नळी यांच्या जाडीची बेरीजच ५.४ सें.मी. आहे. म्हणजे या नळ्या जोडायला जागाच नाही! आडव्या दांडीची आणि प्रचलित चाकांची शर्यतीची सायकल आपल्या देशातील सरासरी स्त्रीसाठी बनवताच येत नाही, असा या वजाबाकीचा अर्थ होतो.

दुसरी अडचण पावलांची. लहान शरीराला आखूड फ्रेम हवी, म्हणजे पुढचे चाक क्रँकच्या जवळ यायला हवे. चाकाची त्रिज्या सुमारे ३३.५, क्रँक १७ आणि पायडलच्या आसापुढे आलेला बूट १० सें.मी. धरला, तर बेरीज साठाच्या वर जाते. क्रँकच्या आसापासून पुढच्या आसापर्यंतचे अंतर लहान फ्रेममध्ये ५७–५८ सें.मी. असते. हळू वळताना बुटाचे टोक चाकाला लागते ते म्हणून. हे टाळण्यासाठी हँडलची नळी अधिक कलती आणि सीटची नळी अधिक उभी करतात. त्यामुळे मधल्या मापांत जवळजवळ समांतर असणाऱ्या या दोन रेषांची समांतरता बिघडते, आणि ते नजरेला लगेच कळते. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि ते आपल्याला गोड वाटते; सायकलीच्या मोठ्या चाकांना आपण ही सवलत देत नाही.

मग चाकच लहान का करत नाहीत? इतिहासात याचे उत्तर मजेशीर आहे. १८७० च्या दशकातील उंच चाकाच्या सायकलीला, जिला पेनी-फार्दिंग म्हणत, चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसावर असे. चाक जितके मोठे तितका वेग अधिक, आणि पाय जितका लांब तितकेच चाक मोठे. त्यामुळे गिऱ्हाईक फ्रेमचे नव्हे तर चाकाचे माप देऊन सायकल घेई, कोणी ५० इंची, कोणी ५६ इंची. यंत्राचा मुख्य अवयव स्वाराच्या मापाचा होता. पुढे १८८५ साली इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही चेनची सायकल बाजारात आणली. वेग आता दात्यांच्या चक्रांवर ठरू लागला आणि चाकाची पायाच्या लांबीशी असलेली गाठ सुटली. चाकाने कोणतेही माप घ्यावे असे स्वातंत्र्य मिळाले, आणि आपण ते वापरून सर्वांसाठी एकच माप ठरवून टाकले.

याला व्यवहारी कारणे आहेत. शर्यतीत चाक पंक्चर झाले तर मागून येणाऱ्या गाडीतून दुसरे चाक काढून क्षणात बसवतात; सर्वांची चाके सारखी असणे तेथे सोयीचे. दुकानदाराला एकाच मापाचे टायर-ट्यूब ठेवणे परवडते. मोठे चाक खडबडीत रस्त्यावर जरा सुखाने चालते. नियमाची आडकाठी मात्र नाही. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमांत टायरसह ५५ ते ७० सें.मी. व्यासाची चाके चालतात. दोन्ही चाके सारखी असावीत, एवढीच अट आहे. ‘६५० सी’ नावाचे, ५७१ मि.मी. रिमचे चाक १९८० आणि १९९० च्या दशकांत काही सायकलींना बसवत. टायरसह त्याची उंची सुमारे ६२ सें.मी. म्हणजे आपल्या सूत्रातला ४२ खाली येऊन ३७ होतो आणि ४५.५ च्या फ्रेमला साडेआठ सें.मी.ची नळी मिळते. इतकी सोपी सुधारणा! पण या चाकाचे टायर सहज मिळत नसत, म्हणून लोक ते घेत नसत. आणि लोक घेत नसत म्हणून टायर मिळत नसत. अमेरिकेत जॉर्जीना टेरी या महिला अभियंत्याने १९८५ साली स्त्रियांसाठी स्वतःची कंपनी काढली आणि पुढचे चाक २४ इंची, मागचे नेहमीचे अशा सायकली बनवल्या. दोन असमान चाकांची ही सायकल दुरूनही ओळखू येई. बसणारीला मात्र ती बरोबर बसे.

बाजाराने शेवटी स्वीकारला तो तिसराच उपाय. जायंट कंपनीसाठी माइक बरोज या इंग्रज अभियंत्याने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सीटकडे उतरत जाणाऱ्या दांडीची फ्रेम तयार केली. दांडी उतरती केली की सीटच्या नळीची उंची आणि हँडलच्या नळीची लांबी यांचा संबंध सुटतो. ह = फ − ४२ हे समीकरण आडव्या दांडीसाठीच आहे, हे आपण वर पाहिले. आता पुढे पुरेशी नळी ठेवून मागची बाजू हवी तितकी खाली आणता येते. उरलेली उंची सीटच्या लांब दांड्याने भरून काढायची. सुरुवातीला ही सायकल अवघ्या तीन मापांत मिळे. आडव्या दांडीच्या चाहत्यांना हे रूप रुचले नाही, आजही अनेकांना रुचत नाही. पण उतरत्या दांडीमुळे लहान आणि मोठ्या मापांच्या दिसण्यातला फरक पुष्कळ कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. पाऊल चाकाला लागण्याची अडचण मात्र तशीच राहिली, कारण ती दांडीची नसून चाकाची आहे. आमच्या मते या बाबतीत दिसण्याचा प्रश्न सुटला आणि त्यामुळे बसण्याचा प्रश्न मागे पडला.

आपल्याकडच्या काळ्या, उभ्या हँडलच्या सायकलीलाही हाच न्याय लागू आहे. २२ इंची आणि २४ इंची फ्रेम, पण चाक दोन्हींना २८ इंचीच. घरातली ही सायकल दांडीखालून पाय घालून, तिरके होऊन चालवणारी मुले खेडोपाडी अनेकांनी पाहिली असतील. फ्रेम मुलाच्या मापाची नव्हती, म्हणून मूलच वाकडे होत असे.

शाळेच्या आवारात आडव्या दांडीच्या, पण वेगवेगळ्या मापांच्या चार-सहा सायकली मिळाल्या तर विद्यार्थ्यांकडून मोजणी करून घ्यावी. प्रत्येक सायकलीचे फ, ह, चाकाची उंची आणि क्रँकच्या आसाची जमिनीपासून उंची टेपने मोजावी. सारख्याच चाकांच्या सायकलींचे बिंदू आलेख कागदावर मांडले, तर ते एका रेषेच्या जवळपास पडावेत, आणि तिचा चढ १ च्या आसपास यावा. म्हणजे २२ आणि २४ इंची फ्रेमच्या हँडलच्या नळ्यांत सुमारे २ इंचांचा फरक दिसावा. ही रेषा ‘फ’च्या अक्षाला जेथे छेदते तो आकडा रोड बाइकच्या ४२ शी जुळणार नाही. तो किती यावा, हे विद्यार्थ्यांनी चाकाच्या आणि क्रँकच्या उंचीवरून आधी काढून ठेवावे आणि मगच रेषा ओढावी.