ऐकलें एक, समजलें दुसरें

आकाशांतून विमान जातांना दिसलें म्हणजे तें चालविणारे दोन वैमानिकच काय ते त्याचे धनी, अशी आपली समजूत होते. वस्तुतः एका उड्डाणामागें तीन निरनिराळ्या ठिकाणचीं माणसें उभीं असतात: कचेरींत बसून मार्ग, हवामान व इंधन यांचा हिशेब पाहणारा डिस्पॅचर, प्रत्यक्ष विमान नेणारे वैमानिक, आणि रात्रीं-अपरात्रीं त्याची तपासणी व दुरुस्ती करणारे इंजिनिअर. ह्यांची एकमेकांशीं गांठ पुष्कळदां पडतही नाहीं. कागदावरील चार ओळी आणि रेडिओवरील चार शब्द, एवढ्यावर त्यांचा व्यवहार चालतो. हल्लीं मुलेंबाळें समुद्रापलीकडे राहूं लागल्यामुळें आजीआजोबांनाही विमानाची पायरी चढावी लागते. तेव्हां ह्या चार शब्दांची हकीकत आमच्या वाचकांस परकी वाटूं नये.

प्रथम जी सांगावयाची ती हकीकत सुदैवानें गोड शेवटाची आहे. एअर कॅनडाच्या एका नव्या बोइंग ७६७ विमानांत इंधन दाखविणारें यंत्र बिघडलें होतें. यंत्राच्या दोन शाखांपैकीं सदोष शाखा बंद ठेविली म्हणजे आकडे नीट दिसतात, असें एडमंटन येथील तंत्रज्ञास आढळलें. त्यानें ती बंद करून नोंदवहींत तशी त्रोटक नोंद केली. २३ जुलै १९८३ रोजीं विमान मॉन्ट्रियलला आल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञानें परीक्षेसाठीं ती शाखा पुन्हां चालू केली, आणि मध्येंच दुसरीकडे लक्ष गेल्यामुळें ती बंद करावयाची राहून गेली. आकडे पार नाहींसे झाले. विमान घेऊन आलेल्या वैमानिकानें नवे कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांस यंत्रांत दोष असल्याचें सांगितलें होतें. परंतु पिअर्सन यांचा समज असा झाला कीं, विमान आकड्यांवांचूनच येथवर आलें. त्यामुळें कोरा फलक पाहूनही त्यांस नवल वाटलें नाहीं.

मग इंधन पट्टीनें मोजलें. विमानास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवें होतें. पट्टीवरून निघत होते ते लिटर. लिटरांचें वजन काढण्यास १·७७ ह्या आंकड्यानें गुणण्यांत आलें. हा आंकडा पौंडांचा होता, किलोग्रॅमचा नव्हे. सबब लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडालें. पूर्वींच्या मोठ्या विमानांत हा हिशेब तिसरा कर्मचारी, फ्लाइट इंजिनिअर, करीत असे. नव्या विमानांतून त्याची जागा गेली, पण त्याचें काम कोणाकडे गेलें हें कोणीं स्पष्ट ठरविलें नव्हतें. घरांतील थोरली जाऊ माहेरीं गेल्यावर तिचीं कामें कोणी करावयाचीं हें बोलून ठरलें नाहीं, म्हणजे रात्रीं विरजण लावावयाचें राहतें. त्यांतलाच हा प्रकार. ४१,००० फूट उंचीवर असतां इंधन संपत आलें आणि थोड्याच वेळांत दोन्ही इंजिनें बंद पडलीं. पिअर्सन व त्यांचे सहकारी मॉरिस क्विंटल यांनीं तें अवजड विमान पतंगाप्रमाणें तरंगत नेऊन गिमली येथील वायुदलाच्या जुन्या धांवपट्टीवर उतरविलें. त्या जागेवर त्या दिवशीं मोटारींच्या शर्यतींची मंडळी जमली होती! विमानांतील ६९ ही माणसें वांचलीं.

दुसरी हकीकत मात्र अंगावर कांटा आणणारी आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजीं हेलिऑस कंपनीचें बोइंग ७३७ विमान सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सला निघणार होतें. मागील दाराशीं आवाज येतो, अशी आधींच्या वैमानिकांची तक्रार असल्यामुळें पहाटे एका इंजिनिअरनें विमानांतील हवेच्या दाबाची चाचणी घेतली. त्यासाठीं दाबाची कळ 'स्वयंचलित' वरून 'हातानें' ह्या खुणेवर न्यावी लागते. ती तेथेंच राहिली. वैमानिकांच्या तपासणींतही ती तीन वेळां नजरेंतून सुटली. एक हिरवा दिवा तेवढा लागला होता, आणि हिरव्या दिव्यानें कोण दचकतो?

विमान वर चढूं लागलें, पण आंत हवा कोंडली जात नव्हती. सुमारें १२,००० फुटांवर भोंगा वाजला. दुर्दैव असें कीं, उड्डाणाची तयारी चुकली असतां जमिनीवर वाजणारा भोंगाही तसाच असतो. वैमानिकांस तोच वाटला. कॅप्टन जर्मन, सहवैमानिक सायप्रसचा, आणि बोलणें इंग्रजींत, जी दोघांचीही मातृभाषा नव्हे. कॅप्टननें कंपनीच्या कचेरीस कळविलें: उड्डाणाच्या तयारीचा इशारा वाजतो आहे, यंत्रें थंड ठेवणारी व्यवस्थाही बंद दिसते. डिस्पॅचरनें बोलणें इंजिनिअरकडे सोंपविलें. पहाटेची चाचणी घेणारा तोच हा इंजिनिअर. त्याच्या जबानीप्रमाणें त्यानें विचारलें कीं, दाबाची कळ 'स्वयंचलित' वर आहे ना? कॅप्टननें उलट विचारलें, यंत्रें थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेचे खटके कोठें आहेत? आपल्या आसनामागें, असें उत्तर गेलें.

आम्हांस ह्या सर्व प्रकरणांत हा एक क्षण विसरतां येत नाहीं. प्रश्न अगदीं नेमका होता. त्याच्या उत्तरादाखल दुसराच प्रश्न आला, आणि विचारणारा त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत गुंतला. विरळ हवेंत माणसाची बुद्धि मंद होते आणि ती मंद झाल्याचें त्याला स्वतःला कळत नाहीं. म्हणून तो प्रश्न पुन्हां विचारण्याचें काम जमिनीवरच्यांचेंच होतें, असें आमचें मत आहे. तें संभाषण शब्दशः आज उपलब्ध नाहीं, कारण विमानांतील ध्वनिमुद्रक शेवटच्या तीसच मिनिटांचें बोलणें राखीत असे.

विमान २९,००० फुटांच्या जवळ पोहोंचलें आणि कॅप्टनचा आवाज थांबला. स्वयंचलित यंत्रणेनें त्याला अथेन्सपर्यंत नेऊन आकाशांत घिरट्या घालावयास लाविलें. ग्रीक वायुदलाच्या दोन लढाऊ विमानांनीं जवळ जाऊन पाहिलें तों कॅप्टनचें आसन रिकामें, सहवैमानिक निश्चेष्ट. दुपारीं बाराच्या सुमारास, इंधन संपून, तें ग्रामातिको गांवाजवळील टेंकडीवर कोसळलें. १२१ माणसें गेलीं.

ग्रीसच्या चौकशी-मंडळाच्या २००६ च्या अहवालानें वैमानिकांच्या प्रमादाबरोबर कंपनीच्या कारभारांतील उणिवाही दाखविल्या. कळ जागेवर न आणल्याची नोंदही त्यांत आहे. भोंगा एक आणि अर्थ दोन, ही अडचण दूर करण्यासाठीं अमेरिकेच्या विमान-खात्यानें २०११ सालीं हुकूम काढला, आणि ७३७ विमानांत दोन्ही इशाऱ्यांना वेगवेगळे दिवे बसविणें भाग झालें.