पात्याचा रंग, जखमेचा रंग

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले नक्षीदार अडकित्ते पाहून आलेला माणूस पुष्कळदा घरी येऊन आजोबांची पेटी उघडतो. त्यात एखादा अडकित्ता सापडतो, शिंगाच्या मुठीची सुरी सापडते आणि छंद सुरू होतो. पुढची पायरी फोटोची. समजा, हे घर ठाकुर्लीतले आहे, दोन खोल्यांचे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर टेबलावरच्या पिवळ्या दिव्याखाली सुरी ठेवली जाते. डोळ्यांना पाते पांढरेशुभ्र दिसते, फोटोत मात्र ते हळद लावल्यासारखे येते. ट्यूबलाइट लावली तर हिरवट छटा येते. फ्लॅश मारला तर मधोमध पांढरा ठिपका आणि बाकी पाते काळेकुट्ट.

यात मोबाइल बिघडलेला नसतो. फरक आहे तो आपल्या मेंदूच्या कामाचा. दृष्टिपटलावर सुमारे ६० लाख शंकाकृती पेशी असतात. त्यांचे तीन प्रकार लांब, मध्यम आणि आखूड लहरींच्या प्रकाशाला प्रतिसाद देतात. मेंदू त्यांच्या संदेशातून दिव्याचा रंग जवळपास वजा करतो. म्हणूनच पांढरा सदरा उन्हात, सावलीत आणि बल्बखाली पांढराच वाटतो. याला रंगस्थिरता म्हणतात. हा अंदाज कधी चुकतोही. २०१५ मध्ये एकाच पोशाखाचा फोटो काहींना निळा-काळा, तर काहींना पांढरा-सोनेरी दिसला, तो याच कारणाने.

कॅमेऱ्यालाही हीच वजाबाकी करावी लागते, पण त्याचे गणित तोकडे असते. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्ती सुमारे १९००, जुना पिवळा बल्ब २७००, दुपारचे ऊन ५५००, तर ढगाळ आकाश ६५०० किंवा त्याहून जास्त. आकडा लहान तितका प्रकाश पिवळा, मोठा तितका निळसर. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकाच वेळी असले, तर पात्याची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी येते. अशी सरमिसळ नंतर कितीही प्रयत्न केला तरी नीट सुटत नाही. म्हणून पहिला नियम सोपा: एका वेळी एकाच प्रकारचा दिवा.

दुसरी अडचण धातूची. घासलेले पाते हा आरसाच. त्यात छत, पंखा, फोटो काढणाऱ्याचा सदरा आणि समोरच्या इमारतीची भगवी भिंतही उमटते. काचेवरची किंवा पाण्यावरची चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर उघड्या धातूवर फारसा चालत नाही. त्यामुळे पात्याला जे ‘दिसते’ तेच पांढरे करावे लागते. खिडकीवर धुतलेली पांढरी चादर ताणून लावावी, समोरून पांढरा पुठ्ठा धरावा. पावसाळ्यातली ढगाळ दुपार तर फुकटची चादरच. प्रकाश सगळीकडून सारखा येतो आणि सावल्या मऊ पडतात.

तिसरी गोष्ट रंगसुधारणेची. वस्तूशेजारी, त्याच प्रकाशात, चमक नसलेले राखाडी कार्ड ठेवून एक फोटो घ्यावा. साधा कागदही चालतो. मात्र कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली रसायने त्याला किंचित निळसर करतात. नंतर मोबाइलमध्ये ते कार्ड निव्वळ राखाडी दिसेपर्यंत रंग सरकवावा. बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. या वेळी पडद्याचा ‘रात्रीचा मोड’ बंद असावा, नाहीतर पिवळ्या पडद्यावर केलेली दुरुस्ती निळी निघते.

एवढा खटाटोप केवळ सुंदर फोटोसाठी नसतो. रंग ही माहिती असते. लोखंडावरचा नारिंगी, बोटाला भुकटी लागणारा गंज अजून पाते खात असतो. काळसर, घट्ट थर मात्र बहुधा स्थिरावलेला असतो आणि जाणकार तो खरवडत नाहीत. पिवळ्या बल्बखाली दोन्ही सारखेच तपकिरी दिसतात.

शरीराचेही असेच आहे. जुने पाते पुसताना बोट कापते, हे नित्याचे. अशा वेळी जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून धरावी. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते डॉक्टरांना सांगावे. धनुर्वात गंजाने होत नाही, तो माती-धुळीतल्या जिवाणूने होतो. रक्त थांबत नसेल, बोट बधिर झाले असेल किंवा वाकत नसेल, तर फोटो काढत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे.

खरा घोटाळा दोन-तीन दिवसांनी होतो. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि जखमेचा फोटो डॉक्टरांना पाठवणे रुळले. हा फोटोही बहुधा रात्री, त्याच पिवळ्या दिव्याखाली निघतो. भरत आलेली जखम लालसर गुलाबी आणि दाणेदार असते, पिवळा थर वेगळे सांगतो, काळी पडलेली कातडी आणखी वेगळे. कडेने पसरणारी लाली हा जंतुसंसर्गाचा इशारा असतो. पिवळ्या उजेडात ती कातडीत मिसळून जाते. फ्लॅशने ओल्या जखमेवर पात्यासारखाच पांढरा ठिपका पडतो, आणि त्वचा उजळवणारा ‘ब्युटी मोड’ उरलेली लालीही पुसतो. सावळ्या त्वचेवर ती मुळातच कमी दिसते. म्हणून सूज, गरमपणा, ठणका आणि ताप शब्दांत लिहून कळवणे गरजेचे.

नवजात बाळाच्या काविळीत तर सगळा प्रश्नच पिवळेपणाचा. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘बिलिकॅम’ हे अॅप मांडले. त्यात बाळाच्या अंगावर रंगपट्ट्यांचे कार्ड ठेवून फोटो घेतात आणि त्या आधारे काविळीचा अंदाज बांधतात. सुरी टिपणाऱ्याचे राखाडी कार्ड आणि हे कार्ड यांचे तत्त्व एकच. घरगुती फोटोत मात्र असे कार्ड नसते. म्हणून बाळ पिवळे वाटले तर फोटोवर विसंबू नये, त्याला दाखवायला न्यावे. खरे प्रमाण रक्ततपासणीत कळते.

जखमेचा फोटो पाठवायचाच असेल तर दिवसा, खिडकीशेजारी, घरातले दिवे, फ्लॅश आणि फिल्टर बंद ठेवून काढावा. शेजारी पांढरा कागद आणि मापासाठी पट्टी ठेवावी. एक फोटो जवळून, एक लांबून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा काढावा. लाली वाढली की कमी झाली, हे मग डॉक्टरांना दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहता येते.