पूर्वग्रह आणि पाणी



बोर्लीच्या बाजारात मासळी, सुपारी, कापड घेताना नाना जातीधर्मांची माणसे रोज एकमेकांना भेटतात. मग रोज भेटणाऱ्यांच्याही मनात एकमेकांविषयी अढी का राहते, हा आजचा प्रश्न.

अनुभवाच्या आधीच बांधलेले मत म्हणजे पूर्वग्रह. साधी चूक दाखवून दिली की माणूस ती सुधारतो. पूर्वग्रह दाखवून दिला की तो रागावतो. कारण पूर्वग्रहाला तीन अंगे असतात. ‘अमुक लोक असेच’ ही समजूत, त्यांच्याविषयी वाटणारी किळस किंवा भीती ही भावना, आणि त्यांना दूर ठेवणे ही वागणूक. ही तिन्ही एकमेकांना धरून उभी असतात.

याचे उदाहरण शोधायला आपला जिल्हा सोडावा लागत नाही. महाडचे चवदार तळे घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही त्याप्रमाणे ठराव केला. तरीही तळ्यावर कोणी अस्पृश्य जाऊ शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तेथे गेले व ओंजळभर पाणी प्याले. लगेच अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले आणि पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. त्याच तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत असत! येथे पाण्याचा गुण बदलला नव्हता. बदलली होती ती पाहणाऱ्याची भावना. भावनेला पुराव्याची गरज नसते, अफवा पुरते.

महाडात दोन्ही समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत होते. मग ओळखीने अढी का गेली नाही? याचे उत्तर गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दिले. नुसता सहवास पुरत नाही. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवे, कामात सहकार्य हवे आणि अधिकाऱ्यांचा वा कायद्याचा पाठिंबा हवा. एक अंगणात उभा आणि दुसरा ओटीवर बसलेला, अशी भेट हजार वेळा झाली तरी जुनी समजूतच पक्की होते.

त्याच वर्षी मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमातील एका शिबिरात मुलांचे दोन गट करून त्यांच्यात चुरस लावली. वैर पेटले. एकत्र जेवायला बसवले, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. पण शिबिराचे पाणी बंद पडले आणि ते सर्वांनी मिळून सुरू करावे लागले. अशाच कामांतून वैर हळूहळू ओसरले. पुढे २००६ साली पेटिग्रू व ट्रॉप यांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह सहसा कमी होतो, आणि ऑलपोर्ट यांच्या अटी पाळल्या तर अधिक कमी होतो, असे त्यांना आढळले.

महाडातही याची साक्ष आहे. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळी बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून या लढ्यात उभी होती. उपकारकर्ते म्हणून नव्हे, तर सहकारी म्हणून.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. ‘लोकांची मने बदलली की हक्क देऊ’ असे म्हणणे म्हणजे तहानलेल्याला थांबवून ठेवणे होय. चवदार तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने सुटला, तो सर्वांची मने निवळली म्हणून नव्हे. पुष्कळदा वागणूक आधी बदलावी लागते. मन तिच्यामागून येते.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या. वाटेवर पडलेले झाड दूर करताना करवतीचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे, हे त्या वेळी आपण विचारले होते काय? नसेल विचारले, तर वादळ सरल्यावर तरी ते का विचारावे?