रोमच्या जुन्या वस्त्यांत यात्रेकरूंनी जेवावे कोठे?

रोमच्या यात्रेहून परतलेल्या भाविकांना आम्ही जेवणाविषयी विचारतो, तेव्हा बहुधा दोनच उत्तरे मिळतात. टूर कंपनीने रोज भारतीय हॉटेलात डाळभात दिला, हे एक. आणि संत पेत्र बॅसिलिकेजवळ पिझ्झा घेतला, तो महागही होता व गारही होता, हे दुसरे. वर्षानुवर्षे पैसे साठवून केलेल्या यात्रेत असे व्हावे ह्याचे आम्हांस वाईट वाटते. रोमचे अस्सल जेवण हे मुळात गोरगरिबांचे जेवण आहे. ते आजही मिळते, मात्र त्यासाठी चार पावले चालावे लागते.

बॅसिलिकेपासूनच आरंभ करू. तिच्यापासून संत एंजेलो किल्ल्यापर्यंतच्या जुन्या वस्तीला बोर्गो म्हणतात. येथे दारात उभे राहून गिऱ्हाइकाला हाका मारणारी व पदार्थांची रंगीत छायाचित्रे लावणारी उपाहारगृहे पुष्कळ आहेत, ती टाळावीत. एकदा थकून आम्ही अशाच एका ठिकाणी खुर्चीवर बसून कॉफी घेतली आणि बिल पाहून गप्प बसलो. रोममध्ये कॉफी काउंटरपाशी उभ्याने पितात. बसून घेतली की दर वाढतो. भूक लागली असेल, तर व्हॅटिकन संग्रहालयाच्या पश्चिमेस थोडे चालून व्हिया देल्ला मेलोरिया ह्या रस्त्यावरील 'पिझ्झारियुम' गाठावे. २००३ साली सुरू झालेल्या ह्या दुकानात पिझ्झा कात्रीने कापून वजनावर देतात. 'उन एत्तो' म्हणजे शंभर ग्रॅम, एवढे शब्द पुरतात. पाण्याच्या बाटल्या तर विकत घेऊच नयेत. रस्तोरस्ती लोखंडी नळखांब अखंड वाहत असतात आणि त्यांचे पाणी पिण्याजोगे असते.

नदी ओलांडून काम्पो दे फियोरी चौकात गेले, की जवळच संत बार्बराच्या चिमुकल्या चर्चला लागून एक साधी खानावळ आहे. संध्याकाळी उघडणाऱ्या ह्या 'फिलेत्तारो'ची ख्याती एकाच पदार्थासाठी आहे. खारवलेला कॉड मासा भिजवून, पिठात बुडवून तळलेला. सुक्या बोंबलावर वाढलेल्या आपल्या लोकांना तो परका वाटणार नाही. शुक्रवारी मासे खाण्याचा रोमचा जुना शिरस्ता आहे. शुक्रवारी मांसत्याग पाळणाऱ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. रोमच्या चार प्रसिद्ध पास्त्यांपैकी कार्बोनारा, आमात्रिचाना व ग्रिचा ह्या तिहींत डुकराच्या गालाचे खारवलेले मांस असते. चौथ्या काचो ए पेपेमध्ये मेंढीच्या दुधाचे चीझ व काळी मिरी एवढेच असते.

तेथून दहा मिनिटांवर यहुद्यांची जुनी वस्ती, घेट्टो, लागते. येथे मात्र आम्ही वाचकांना थोडे थांबण्याची विनंती करू. पोप चौथे पॉल ह्यांनी १५५५ साली फर्मान काढून रोमच्या यहुद्यांना ह्या पूरग्रस्त नदीकाठी भिंतीआड कोंडले. रात्री दरवाजे बंद होत. व्यापार करावयाचा तो जुन्यापान्या कपड्यांचा. सक्तीने ख्रिस्ती प्रवचने ऐकावी लागत. पोपमहोदयांची राजसत्ता १८७० साली संपुष्टात आल्यावरच हे निर्बंध पूर्णतः उठले. ज्या पदार्थांसाठी आज लोक पोर्तिको द'ओत्ताविया रस्त्यावर रांगा लावतात, ते ह्या कोंडवाड्यात घडले. स्वस्त भाजी आणि तेलाची कढई! आर्टिचोक दोनदा तळून शेवंतीच्या फुलासारखे उमलवतात. हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत त्याचा हंगाम, म्हणजे आपला उपवासकाळ. १९२३ पासून चालणारे 'जिग्गेत्तो' त्यासाठी प्रसिद्ध आहे. 'बोच्चोने' ह्या पाटी नसलेल्या बेकरीत रिकोत्ता चीझ व आंबट चेरी भरलेला, वरून जवळजवळ करपलेला केक मिळतो. यहुद्यांनी ख्रिस्ती लोकांना दुधाचे पदार्थ विकू नयेत असा हुकूम होता, म्हणून चीझ पिठाच्या पारीखाली लपवू लागले, असे सांगतात. ही बेकरी व यहुदी आहारनियम पाळणाऱ्या खानावळी शनिवारी, त्यांच्या शब्बाथदिनी, बंद असतात.

ह्याच गल्ल्यांतून १६ ऑक्टोबर १९४३ रोजी नाझी सैनिकांनी यहुदी कुटुंबांना घरांतून ओढून काढले. हजाराहून अधिक जणांना आउशवित्झला नेण्यात आले. त्यांतील १६ परतले. फरसबंदीत बसवलेल्या पितळी पट्ट्यांवर नावे आहेत, ती खाली वाकून वाचावीत. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १३ एप्रिल १९८६ रोजी येथील मोठ्या सभास्थानाला भेट दिली. वस्तीतून बाहेर पडताना संत ग्रेगरीचे चर्च लागते. त्याच्या दर्शनी भिंतीवर यशयाचे वचन हिब्रू व लॅटिन भाषांत कोरले आहे. ते यहुद्यांना दटावण्यासाठी होते. आमच्या मते, त्या मेजावर बसणाऱ्या कॅथलिकाने हे ठाऊक नसताना बसू नये.

जुना फाब्रिचिओ पूल ओलांडला की नदीतील बेट. तेथील बॅसिलिका संत बार्थोलोम्यूची आहे. ह्या प्रेषिताने भारतात सुवार्ता आणली अशी परंपरा आहे. पलीकडे त्रास्तेवेरे. ही वस्ती आता पर्यटकांनी गजबजली आहे, तरी संत सेसिलियेच्या चर्चजवळील 'दा एन्झो'मध्ये रांगेत उभे राहण्याची तयारी असेल, तर जेवण अस्सल मिळते. येथील मरियेच्या बॅसिलिकेत १९८२ पासून नाताळच्या दिवशी मेजे मांडून गरिबांना जेवू घातले जाते. हे कार्य १९६८ साली स्थापन झालेल्या संत एजिदियो समुदायाचे आहे.

संत पौल बॅसिलिकेहून मेट्रोने परतताना पिरामिदे स्थानकावर उतरावे. तेथून तेस्ताच्चो जवळ आहे. येथील मोठा कत्तलखाना १९७५ साली बंद झाला. तेथील कामगारांना मजुरीचा काही भाग वजडी, शेपटी, आतडी अशा उरलेल्या भागांच्या रूपाने मिळे. त्यांच्या बायकांनी त्यातून जे रांधले, ते 'पाचवा पाव' ह्या नावाने आज मानाने वाढले जाते. टोमॅटोत तासन्‌तास शिजवलेली बैलाची शेपटी तर चुकवूच नये. तेस्ताच्चोच्या मंडईत, जी २०१२ पासून नव्या इमारतीत आहे, हेच प्रकार पावात घालून स्वस्तात मिळतात. मंडई रविवारी बंद असते, आणि दुपार टळल्यावर गाळे आवरू लागतात.

रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी क्वचितच मिळते. १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गउन्नयनाच्या सणाच्या सुमारास, घरगुती खानावळी आठवडा-दोन आठवडे बंद असतात. त्या काळात जाणाऱ्या गटांनी आधी चौकशी करावी.