विश्वामित्रीकाठचे बडोदे: साठ वर्षांच्या बांधकामाचा मागोवा

पावागडावरून येणारी विश्वामित्री बडोद्यातून वळणे घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळते. कोटातले जुने शहर तिच्या पूर्वेला. लहरीपुरा, चांपानेर, पाणीगेट, गेंडीगेट या दरवाजांच्या मधोमध मांडवी उभी आहे. पण आज ज्या इमारतींनी बडोदे ओळखले जाते, त्यांतल्या बहुतेक 1878 ते 1936 या जेमतेम साठ वर्षांत उभ्या राहिल्या.

लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम 1878 मध्ये सुरू झाले, तेव्हा सयाजीराव महाराज पंधरा वर्षांचे होते आणि कारभार दिवाण टी. माधवरावांच्या हाती होता. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराचा. 1881 मध्ये महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले आणि त्याच वर्षी मँट वारले. मद्रासचे सिनेट हाउस बांधणाऱ्या रॉबर्ट चिझम यांनी 1890 मध्ये काम पुरे केले.

राजवाडा देखणा आहे, यात शंकाच नाही. तरीही या काळाचे खरे मोठेपण मला लोकांसाठी बांधलेल्या वास्तूंत दिसते. नदीच्या दोन्ही काठांवरची कमाटीबाग 1879 ची. तिथले संग्रहालय 1894 चे. बडोदा कॉलेजच्या भव्य घुमटाखाली अरविंद घोषांनी शिकवले. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा भरते. खंडेराव मार्केटमधून महापालिकेचा कारभार चालतो. 1910 मध्ये महाराजांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतले आणि त्यांच्या देखरेखीखाली मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. बडोद्याच्या संस्थानी काळातली यापेक्षा मोलाची कामगिरी मला दुसरी दिसत नाही. 1936 च्या कीर्तिमंदिराच्या, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकाच्या, भिंतींवर नंदलाल बोसांनी गंगावतरण, मीराबाई आणि महाभारताचे युद्ध रंगवले.

या मोठ्या नावांच्या गर्दीत तांबेकर वाडा मागे पडतो. मला तो सर्वांत प्रिय. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातला, म्हणजे मँट-चिझम येण्याच्या आधीचा. आतल्या भिंतींवर कृष्णलीला आहेत, महाभारत आहे, मराठे आणि इंग्रजांच्या लढायाही आहेत. मराठी माणूस गुजरातेत येऊन स्थिरावला तेव्हा त्याच्या मनात काय काय होते, ते इथे रंगांत वाचायला मिळते. वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे.

वास्तू टिकते ती वापरामुळे. कॉलेज टिकले, कारण मुले रोज तिथे बसतात. नजरबाग राजवाडा मात्र रिकामा पडला, ढासळत गेला आणि शेवटी पाडला गेला. न्यायमंदिर 1896 मध्ये खुले झाले. मुळात ते बाजारासाठी बांधले होते, पण न्यायालये तिथे आली आणि शंभरहून अधिक वर्षे नांदली. 2018 मध्ये ती नव्या संकुलात गेली. अशा वास्तूला नुसते रंगरंगोटीचे अनुदान पुरत नाही, तिथे माणसांची रोजची ये-जा लागते.

नदीचे तर आम्ही फारच हाल केले. पावसाचे पाणी वाहून नेणारी कोतरे बुजवली, काठाला बांधकामे भिडवली. ऑगस्ट 2024 च्या पुरात वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि मगरी रस्त्यांवर आल्या. महाराजांनी याच शहराला आजव्याच्या तलावातून नळाचे पाणी दिले होते. पाण्याची वाट ओळखून शहर आखण्याची दृष्टी तेव्हा होती. ती आता पुन्हा आणायला हवी, आणि त्याची सुरुवात कोतरे मोकळी करण्यापासून व्हावी.

बडोद्याला याल तेव्हा राजवाडा पाहून परत फिरू नका. एक सकाळ तांबेकर वाड्यासाठी ठेवा आणि मुलांना सोबत न्या.