गाणं सुरू, गाडी बंद!

गाडीत नवा स्टिरिओ बसवला की पहिले दोन दिवस घरात दिवाळी असते. तिसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारावा, तर नुसतं ‘टक्’! मग सुरू होते फिरवाफिरवी. बॅटरीवाला म्हणतो डायनामो गेला, डायनामोवाला म्हणतो बॅटरी गेली, आणि टेप बसवणारा म्हणतो, “साहेब, गाणी वाजतायत ना? मग आमचं काम चोख आहे.” या तिघांच्या भांडणात जातो तो फक्त आपला खिसा.

मी इलेक्ट्रिकलच्या फायनल इयरला. रूममध्ये एक बऱ्यापैकी मल्टिमीटर आहे, त्यामुळे सुट्टीवरून आलेली मंडळी आपापल्या घरच्या गाड्यांची गाऱ्हाणी घेऊन माझ्याकडे येतात. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. टेपनंतरच्या या दुखण्यांपैकी बहुतेक दुखणी सेकंड इयरच्या केव्हीएल-केसीएलच्या पलीकडची नसतात. फक्त अंदाजाने काही बदलायचं नाही, आधी मोजायचं. एवढं पथ्य पाळलं तर निम्मी लढाई जिंकली म्हणून समजा.

आधी रंगपंचमी समजून घ्या

बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंच्या तारांचे रंग ठरलेले असतात. पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची वीज. घड्याळ आणि सेट केलेली स्टेशनं हिच्यावर जगतात. लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारी वीज. काळी म्हणजे अर्थ. नारिंगी तार पार्किंग लाइटकडून येते, ती लावली की टेपची बटणं उजळतात. निळी अँटेनासाठी, निळी-पांढरी वेगळ्या अँप्लिफायरला ‘जागा हो’ असा निरोप देण्यासाठी. उरलेल्या पांढऱ्या, करड्या, हिरव्या, जांभळ्या जोड्या स्पीकरच्या.

पण हे रंग झाले टेपचे. गाडीच्या तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, तिथे रंगावर विश्वास ठेवू नका. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॉडीच्या चकचकीत धातूला लावा आणि बघा. किल्ली बंद असताना जिथे १२.५ च्या आसपास दिसतं ती कायमची. किल्लीबरोबर येते-जाते ती दुसरी. पार्किंग लाइट लावल्यावरच जागी होते ती तिसरी. काही युरोपियन गाड्यांत तर ठरलेल्या कनेक्टरवरच पहिल्या दोघींच्या जागा उलट असतात. म्हणून गाडी बंद केली की टेप सगळी स्टेशनं विसरत असेल, तर टेप बदलायला धावू नका. आधी पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली आहे का, ते तपासा. आणि सेल्फ मारताना टेप क्षणभर बंद पडतो, तो दोष नव्हे. त्या वेळी गाडी सगळी ताकद स्टार्टरला देते.

रात्रीत बॅटरी कोण पितं?

माझ्या पार्टनरच्या गावाकडे एक जुनी, छोटी पेट्रोल गाडी आहे. वस्तीवर चारचाकी तेवढी एकच. रात्री-अपरात्री बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, तालुक्याच्या दवाखान्यात हीच गाडी जाते. काकांनी हौसेने टेप आणि सीटखाली अँप्लिफायर बसवून घेतला आणि महिन्याभरात गाडीने दगा द्यायला सुरुवात केली. नवी बॅटरी घेऊन झाली, तरी तेच. मी गेलो तेव्हा काका वैतागून म्हणाले, “आरं पोरा, रोज चालती गाडी. पर रविवारी हुबी ऱ्हायली की सोमवारी सकाळी मेलीच म्हून समज!”

काकांच्या या एका वाक्यात निम्मं निदान होतं. डायनामो खराब असता तर गाडी चालवूनही बॅटरी उतरली असती. तरी खात्री करून घेतली. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट. (१३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग साधारण ठीक.) म्हणजे भरणं नीट चाललंय, गळती मात्र कुठेतरी आहे. माठाला चीर असली की कितीही घागरी ओता!

गळती अशी मोजतात. किल्ली काढा, दारं लावा, दिवे बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि तिच्या व टर्मिनलच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या खाच्यात लावून जोडा. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटरच. नव्या गाड्यांतले कंट्रोलर झोपी जायला अर्धा तासही घेतात, तेवढा धीर धरा. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर चिंता नाही.

काकांच्या गाडीत आकडा आला ०.९ अँपिअर! आता हिशोब करा. शनिवारी रात्री ८ ते सोमवारी सकाळी ६ म्हणजे ३४ तास. ३४ गुणिले ०.९ म्हणजे ३०.६ अँपिअर-तास. आणि बॅटरी होती ३५ ची. सोमवारी सेल्फला उरणार काय? एरवी रात्रीच्या १० तासांत ९ अँपिअर-तास जायचे आणि दिवसभराच्या फेऱ्यांत ते भरून निघायचे. ‘रोज चालती’ चा अर्थ हा.

मग फ्यूजबॉक्समधला एकेक फ्यूज उपसून बघितला. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या वाटेवर चोर. इथे सगळे काढले तरी आकडा ढिम्म! याचा अर्थ चोर फ्यूजबॉक्समधून जातच नव्हता. बॅटरीवरून थेट निघालेली तार एकच होती, अँप्लिफायरची. सीटखाली हात घातला तर रात्रभर बंद असलेल्या गाडीतला अँप्लिफायर कोमट. बसवणाऱ्याने निळी-पांढरी तार ओढायचा कंटाळा केला होता आणि अँप्लिफायरच्या ‘रिमोट’ टर्मिनलला त्याच्याच पॉझिटिव्हवरून वीतभर तुकडा जोडून दिला होता. बिचारा चोवीस तास ड्युटीवर! तो तुकडा काढला, टेपपासून खरी तार आणली. गळती २० मिलिअँपिअरवर आली. म्हणजे त्याच ३४ तासांत आता ०.७ अँपिअर-तासही जात नाहीत.

पण त्याहून गंभीर गोष्ट पुढे दिसली. अँप्लिफायरच्या जाड तारेला बॅटरीपाशी फ्यूजच नव्हता आणि पत्र्याच्या भोकातून ती रबराच्या बुशशिवाय ओवलेली होती. गाडीच्या हादऱ्यांनी तिचं आवरण निम्मं खरवडलं होतं. अजून थोडे दिवस गेले असते तर तांबं बॉडीला टेकलं असतं. अशा शॉर्टमध्ये बॅटरी सहज ३०० अँपिअर देऊ शकते. १२ व्होल्टला ते झाले ३६०० वॅट. आपले रेक्टर सर ज्या शेगडीवरून दंड करतात ती १००० वॅटची असते. तशा साडेतीन शेगड्या एका तारेवर, आणि गाडीत पेशंट! म्हणून बॅटरीवरून थेट येणाऱ्या तारेला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. फ्यूज अँप्लिफायरला वाचवायला नसतो, तो तारेला वाचवायला असतो.

फ्यूज उडतोय? बल्ब लावा!

दुसरा किस्सा आपल्याच स्टाफमधल्या एका सरांचा. टेप बसवल्यापासून रात्री डॅशबोर्ड अंधारात. सरांना वाटलं, छोटा बल्ब गेला असेल. मी म्हटलं, “सर, जरा मागे येऊन बघता का?” मागचे दोन्ही टेल लॅम्प बंद! बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डचे आणि टेलचे दिवे एकाच फ्यूजवर असतात. टेपची नारिंगी तार न जोडता नुसती टोक उघडं ठेवून सोडली असती तर एक वेळ चाललं असतं, पण इथे ती गाडीच्या तारेला जोडून वर उरलेलं टोक तसंच ठेवलं होतं, आणि ते लोखंडी पट्टीला टेकत होतं. उसाच्या हंगामात, ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावर सर दोन रात्री टेल लॅम्पशिवाय गाडी चालवत होते. टेपच्या दुखण्याला किरकोळ का समजू नये, ते यावरून ध्यानात यावं.

उडणाऱ्या फ्यूजवर लोक दोन उपाय करतात. मोठा फ्यूज घालतात किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. दोन्हींत फ्यूज वाचतो आणि गाडी जळते. लाल फ्यूज १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जिथे जो होता तिथे तोच.

शॉर्ट शोधायची जुन्या वायरमनची युक्ती मात्र फर्स्ट क्लास आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब दोन तारांनी जोडायचा. पुढे शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण पेटतो, पण बल्बच करंटला आवर घालतो. पावणेदोन अँपिअरच्या वर जातच नाही. आता डॅशबोर्डमागची एकेक तार हलवत जायचं. जिला हात लागताच बल्ब मंद होईल, तिथेच दुखणं. एक डझन फ्यूज वाचतात.

कुईंऽऽऽ आवाज

गाण्याच्या मागे बारीक शिट्टी ऐकू येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो? ती डायनामोची लहर. तीन डायोड जोड्यांनी एसीचं डीसी केलं तरी थोडी लाट उरतेच, आणि अर्थ जर दोन वेगवेगळ्या जागी असतील तर त्या दोन जागांमधला मिलिव्होल्टांचा फरक थेट सिग्नलमध्ये मिसळतो. उपाय असा: टेप आणि अँप्लिफायरचे अर्थ शक्यतो एकाच जागी घ्या, तिथला रंग खरवडून धातू उघडा करा, आणि सिग्नलची तार व वीजेची जाड तार गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी न्या. त्याआधी एक फुकटातली परीक्षा घ्या. मोबाईल ऑक्स वायरने जोडलेला असेल आणि तोच गाडीच्या चार्जरवरही असेल, तर चार्जर काढा. शिट्टी गेली? मग टेप निर्दोष, अर्थचं वर्तुळ मोबाईलमधून पूर्ण होत होतं. स्वस्तातला चार्जर लावला की एफएमला खरखर येते, तिचा गुन्हेगारही तोच.

अर्थची परीक्षा ओहममध्ये घेऊ नका, भाराखाली घ्या. टेप मोठ्याने लावा आणि टेपची काळी तार व बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ०.२ च्या आत असावं. गंजलेला जोड मीटरला फसवतो, पण ५ अँपिअर वाहू लागले की त्याचं पितळ उघडं पडतं.

‘५० वॅट बाय ४’ चं गौडबंगाल

आवाज वाढवला की टेप बंद होतो, ही तक्रार बहुधा बारीक तारेची. ०.५ चौ. मिमीची ४ मीटर तांब्याची तार म्हणजे ०.१४ ओहम. १० अँपिअरला १.४ व्होल्ट वाटेतच स्वाहा! तीच तार २.५ चौ. मिमीची घेतली तर ०.३ च्या आत.

आणि खोक्यावरच्या ‘५० वॅट बाय ४’ ला भुलू नका. १४.४ व्होल्टवर ४ ओहमचा स्पीकर शुद्ध साइन वेव्हने जास्तीत जास्त २६ वॅट घेईल. ५२ वॅट येतात ते पूर्ण स्क्वेअर वेव्हला, म्हणजे गाण्याचा पार चुथडा झाल्यावर. शिवाय मागे फ्यूज असतो १० किंवा १५ चा. चार चॅनेलचे २०० वॅट त्यातून सतत कुठून येणार?

याच अँप्लिफायरमध्ये आणखी एक मेख आहे. त्याचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं. स्पीकरच्या दोन्ही तारांवर बॉडीच्या मानाने सुमारे ६ व्होल्ट असतात. म्हणून स्पीकरची ‘निगेटिव्ह’ बॉडीला लावायची नाही. फार जुन्या गाड्यांत तशी जोडणी सापडते. तिथे नव्या तारा ओढा, नाहीतर नवा टेप पहिल्याच दिवशी मुका होईल.

इथे हात लावू नका

पिवळ्या आवरणाच्या, पिवळ्या कनेक्टरच्या तारा दिसल्या तर त्या बहुधा एअरबॅगच्या. तिथे टेस्ट लॅम्प नाही, मीटर नाही, काहीच नाही. अलीकडच्या अनेक गाड्यांत किल्लीचा निरोपही वेगळ्या तारेने न येता डेटाच्या जोडीवरून येतो. तिथे तार कापून जोडाजोडी न करता त्या गाडीसाठीचं तयार कपलर घ्या. आणि कुठलंही काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. जोड पिळून नुसता टेप मारू नका. आपल्या उन्हात डॅशबोर्डमागे त्याचा गोंद पातळ होतो आणि टेप सुटतो. नीट क्रिंप करा किंवा सोल्डर करून श्रिंक ट्यूब चढवा.

तेव्हा मंडळी, पुढच्या सुट्टीत घरच्या गाडीत टेप बसवणार असाल, तर दुकानात चहा पीत न बसता बसवणाऱ्याशेजारी उभे राहा आणि तीन प्रश्न विचारा. “दादा, ही तार कायमची की किल्लीची? फ्यूज कुठे टाकला? अर्थ कुठे घेतला?” चांगला कारागीर खुशीने दाखवेल. टाळाटाळ केली तर घरी आल्यावर मीटर काढा. व्हायवाला केव्हीएल विचारलं की आपण छताकडे बघतो. पण ०.९ चा आकडा २० मिलिअँपिअरवर आलेला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की तोच कायदा जन्मभर विसरत नाही.