दारूबंदीने घडविलेला दादा

अमेरिकेने 1920 साली दारूबंदी केली व 1933 साली ती उठविली. मधल्या काळात शिकागो शहरी आल कपोन नामक गुंड गबर झाला, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच जातीचा पुरुष आमच्या मुंबईत आमच्याच कायद्याच्या छायेत वाढला, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

वरदराजन मुदलियार हा तुतिकोरीनकडचा तमिळ. जन्म 1926 चा. ऐन तारुण्यात तो पोटासाठी मुंबईस आला आणि बोरीबंदर स्टेशनावर हमाली करू लागला. जवळच्या बिस्मिल्लाशहा बाबांच्या दर्ग्यात तो गोरगरिबांस जेवण वाटीत असे, आणि तेथेच हातभट्टीवाल्यांशी त्याची गाठ पडली असे सांगतात. माल कोणत्या दाराने जातो व शिपायाची नजर केव्हा चुकते, हे हमालास शिकवावे लागत नाही!

इतक्यात 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हेतू उदात्त, यात संशय नाही. 1951 साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द केल्या. मुख्य कायदा टिकला. परंतु श्रीमंतास प्रकृतीच्या सबबीवर परवाना मिळे. गिरणीकामगारास तो कोण देणार? त्याचा पेला धारावी, अँटॉप हिल, शीव-कोळीवाडा येथील भट्ट्यांनी भरला, आणि भट्टीचा पैसा वरदराजनच्या हाती आला. पुढे गोदीतील मालाची चोरीही त्यास जोडली गेली. झोपडीवाला तमिळ आपले गाऱ्हाणे घेऊन कचेरीऐवजी 'वरदाभाई'कडे जाऊ लागला. दिवाणी दाव्यात तारखांवर तारखा पडतात. दादाचा निवाडा एका बैठकीत होतो. वकिली केलेल्या माणसास हे लिहिताना संकोच वाटतो, पण ते खरे आहे. अखेर गेल्या शतकाच्या नवव्या दशकात वाय. सी. पवार या पोलीस अधिकाऱ्याने पिच्छा पुरविला, तेव्हा तो मद्रासेस गेला व 1988 साली तेथेच वारला.

पालघर-बोईसरच्या व्यापाऱ्यांनी हे परमुलखीचे पुराण समजू नये. ठाणे जिल्ह्यात मोहाच्या फुलांवर 1892 सालीच इंग्रज सरकारने महसुलासाठी कायदा बसविला. रानातल्या माणसाच्या अंगणातले फूल त्या दिवसापासून गुन्ह्याचा मुद्देमाल झाले. उत्तरेस दमण 1961 पर्यंत पोर्तुगीजांचे होते. आजही तेथे दारू स्वस्त, आणि शेजारी गुजरातेत बंदी. जवळच आमचा जिल्हा आहे. हातभट्टीस लागणारा काळा गूळ व नवसागर आभाळातून पडत नाही, तो कोणाच्या तरी दुकानातून जातो. याहून भयंकर वस्तू मिथेनॉल. हे कारखान्याचे रसायन. 2015 साली मालाड-मालवणीत ते दारूत गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली, बहुतेक सारी हातावर पोट असलेली. तारापूरच्या वसाहतीत रसायनांचे कारखाने कमी नाहीत. किती पिंपे आली, किती वापरली, किती कोणास विकली, याचा ताळा प्रत्येक कारखानदाराने व अडत्याने आपल्या वहीत महिन्याच्या महिन्यास घालावा, आणि अबकारी खात्याने ती वही मागण्याचे कष्ट घ्यावेत.